डाव्या बाजूचे डाग

३ तारीख, मंगळवार

चिरंजीव ठोकळ्यास आजीचा आशीर्वाद.

मी ठीक आहे. तुझ्या आईची पाठ दुखते, पण विचारलं की दुखत नाही म्हणते आणि भिंतीला धरून उठते. दुखणं लपवायची खोड तू कुणाकडून उचललीस ते मला रोज सकाळी दिसतं. न्हाणीघराचा नळ एकदाचा दुरुस्त झाला. माणूस तीनदा आला, त्यात दोनदा नुसता बघून मान हलवून गेला. मान हलवायची ती मलाही येते.

अक्षर बघून दचकू नकोस. एरवी तुझी आई लिहिते आणि मी सांगते, आज मीच बसले आहे. चौथी अर्ध्यावर सोडलेल्या बाईचं अक्षर आहे, समजून घे. तुझ्या आईला हे पत्र दाखवलेलं नाही. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू "हो आजी, हो आजी" म्हणतोस आणि मधेच शिट्टी फुंकतोस. परवा माझ्या कानातच फुंकलीस. तुझे खेळाडू पळतात तुझ्या शिट्टीवर, मी कुठे पळू?

शनिवारचा सामना टीव्हीवर पाहिला. तीन गोल खाल्लेत. कोच होऊन तुला तीन महिने झाले, सातपैकी पाच सामने हरलात. आजीला खेळातलं काय कळतं असं मनात आणू नकोस. एकवीस वर्षं मी त्या क्लबचे कपडे धुतले आहेत आणि धुलाईखोलीची खिडकी मैदानाकडेच उघडायची. तू काय करतोस ते सांगू? पुढे खेळणाऱ्यांनासुद्धा मागे बोलावतोस. नऊ माणसं आपल्याच गोलासमोर एकमेकांच्या पायात पाय घालून उभी. तू खेळायचास तेव्हा तिथे एकटा पुरायचास. लोक तुला खांब म्हणायचे. आता कोच झाल्यावर सगळ्यांनाच खांब करायला निघालास. खांबांनी छत टिकतं रे, चेंडू पुढे जात नाही. तुझा कुणावर विश्वास नाही, हा खरा रोग आहे. पण ते असो.

एक ऐकलं, ते खरं का?

जुन्या मैदानावरच्या मास्तरांना काढलंस म्हणे. सात वर्षांचा होतास तेव्हा तुला बुटाची नाडी बांधायला ज्यांनी शिकवलं, पुढे मोठ्या संघातही जे तुझे कोच झाले, ते मास्तर. क्लब शहरातल्या नव्या स्टेडियमवर गेला तेव्हा त्यांना कुणी नेलं नाही. इथेच राहून लहान गटाला शिकवत होते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांना पत्र आलं आहे, ३० तारखेला मैदानाच्या किल्ल्या द्या. खाली तुझी सही. कारण काय तर वय झालं. अडुसष्ट. मी एक्क्याऐंशीची आहे, मलाही काढून टाक एका सहीने.

वय हे कारण नाही हे तुलाही ठाऊक आहे, मलाही आहे. अकरा वर्षांपूर्वीचं भांडण तू खिशात घालून फिरतोस. खेळ सुटला, लग्न झालं, कोचचं शिक्षण घेतलंस, खालच्या संघांत धक्के खाल्लेस, वर आलास, आणि वर आल्यावर पहिलं काम काय केलंस तर हे. ज्याच्या पायात चेंडूच नाही त्याला कसला अडवतोस?

सही केली तशी मागेही घेता येते. म्हाताऱ्या माणसाला मैदानावरून उठवून तुझा संघ जिंकायला लागणार असेल तर तसं कळव, मी स्वतः त्यांची पेटी उचलायला जाईन.

पायाला तेल लावतोस का? गार हवेत गुडघा उघडा टाकू नकोस.

तुझी आजी


१४ तारीख, शनिवार

चि. ठोकळ्यास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. क्लबच्या कागदावर टाइप केलेलं, वर "विषय : तुझे पत्र" असं लिहिलेलं. आजीला लिहिताना विषय कोण घालतं रे? तुझ्या आईने पाकीट पाहिलं आणि तिला वाटलं घरपट्टीची नोटीस आली. मी म्हटलं, त्याहून वाईट आहे, नातवाचं आहे.

तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा चष्मा नव्हता म्हणून, दुसऱ्यांदा कळलं म्हणून, तिसऱ्यांदा राग यायचा राहिला होता म्हणून.

तू लिहितोस, "आजी, तू यात पडू नकोस. त्या माणसाने माझ्यावर पाळत ठेवली. माझी बॅग उचकली. राष्ट्रीय संघाची निवड करणारे दोन आठवड्यांनी येणार होते, तेव्हा मला डॉक्टरसमोर उभं केलं. मी अजून तीन वर्षं आरामात खेळलो असतो. त्याने मला संपवलं."

बॅग उचकली हे तुला कुणी सांगितलं? तू पाहिलंस? नाही पाहिलंस. गुडघ्याचा पट्टा बॅगेत होता, मास्तरांना पायाचं कळलं, म्हणजे त्यांनी बॅग उचकली. झालं तुझं गणित. आणि हे गणित तू अकरा वर्षं पाठ करत बसलास. तेव्हा सगळ्या संघासमोर त्यांना हेर म्हणालास. ते काही बोलले नाहीत म्हणून तुला वाटलं की खरं आहे. गप्प बसणारा माणूस नेहमी चोरच असतो का?

परवा मी मैदानावर गेले होते. मास्तर स्वतःच चुना टाकून रेषा आखत होते, कमरेत वाकून. सरळ आखतात अजून, तुझ्या मागच्या फळीपेक्षा तरी सरळ.

मी म्हटलं, "मास्तर, ३० तारखेनंतर इथे कोण खेळणार आहे म्हणून रेषा मारताय?"

"कुणीतरी खेळेलच की. मी जाणार आहे, मैदान नाही."

"तुम्ही क्लबला काही लिहून का देत नाही?"

"काय लिहू? कोचने सांगितलं की ऐकायचं. मीच शिकवलंय त्याला हे."

"चांगलं शिकवलंत. आता भोगा."

ते हसले. मग चुन्याचं डबडं खाली ठेवून म्हणाले, "आजीबाई, तुम्ही त्याला पत्र लिहिलंत म्हणे. लिहू नका. चार सामने जिंकू द्या त्याला. हरणाऱ्या कोचला सगळी दुनिया शत्रू दिसते, मी जरा जास्त ओळखीचा आहे एवढंच."

मी म्हटलं, तुम्ही रेषा मारा, मला शिकवू नका. पण घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलंच होतं. तुझ्यावर तर होतंच, त्यांच्यावरही. इतकं भलं असणंसुद्धा माणसाने दुसऱ्याला त्रास होईपर्यंत असू नये.

आता तू म्हणतोस की डॉक्टरने तुला संपवलं, मास्तरांनी संपवलं. डॉक्टरने गुडघा मोडला नव्हता, मोडलेला त्याला दिसला. चार महिने तू त्या डाव्या पायाची फसवणूक करत होतास, पट्ट्या बांधून, दात खाऊन. कुणीतरी कधीतरी बोलणारच होतं. आपल्या क्लबचा जुना सेंटर फॉरवर्ड बघ, इंजेक्शनं घेऊन खेळला. आज दुकानातून पाव आणायला त्याला काठी लागते, आणि वाटेत दोनदा बसतो. त्याने तीन वर्षं जास्त काढली खरी.

तुला हे पटणार नाही. न पटू दे. पण ३० तारीख जवळ येते आहे आणि तुझी सही अजून तिथेच आहे. कालचा सामना बरोबरीत सुटला, तेवढं बरं झालं. तो नवीन डावीकडचा खेळाडू फार पुढे जातो आणि परत यायला विसरतो. त्याला सांग.

तुझी आजी


२२ तारीख, रविवार

ठोकळ्या,

काल तुझा फोन आला. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. पहिलंच वाक्य, "आजी, चार महिने हे तुला कुणी सांगितलं?"

मी फोन ठेवून दिला. तुझ्या आईला सांगितलं लाइन गेली. तिने माझ्याकडे जे पाहिलं त्यावरून तिला काय कळायचं ते कळलं असावं. तू परत चारदा लावलास, मी चारदा वाजू दिला. मला उत्तर माहीत नव्हतं म्हणून नाही. फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच बोलला असतास, आणि मधेच बोललास की मी भांडते. भांडायला लागले की खरं सांगायचं राहून जातं. अकरा वर्षं तसंच राहिलं आहे.

तू बरोबर पकडलंस. डॉक्टरला तू तीन आठवडे सांगितले होतेस. आईला सांगितलं होतंस की मुरगळलाय. चार महिने हे तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. बचावाला उभा राहणारा माणूस, समोरच्याचं पाऊल कुठे चुकतं ते तुला बरोबर दिसतं. माझं चुकलं.

आता नीट वाच. खोडलेलं आहे तिथेही वाच.

मास्तरांनी तुझी बॅग उचकली नाही. मीही नाही. मला बॅग कशाला हवी? तुझे कपडे माझ्याकडे यायचे.

घसरून चेंडू काढताना तू उजवा पाय लांब टाकायचास आणि डावा खाली दुमडून डाव्या कुशीवर पडायचास. लहानपणापासून तसंच. बाकीच्यांच्या चड्ड्या कुठेही मळायच्या, तुझी कायम डावीकडेच. गवताचा हिरवा डाग आणि त्यात माती, मांडीपासून कमरेपर्यंत. डाव्या मोज्यालाही गुडघ्याखाली तसाच. साबणाची वडी सगळ्यात जास्त पाच नंबरच्या डाव्या बाजूवर झिजायची. मी शिव्या द्यायचे तुला, आठवत असेल.

आणि मग त्या वर्षी ती बाजू कोरी यायला लागली. पहिल्यांदा मला वाटलं, सामना सोपा झाला असेल. दुसऱ्यांदा वाटलं, मैदान कोरडं होतं. मग पाऊस पडून चिखल झालेल्या मैदानावरूनही तुझी चड्डी डावीकडे पांढरी आली आणि उजवीकडे जेमतेम मातीचा हात लागलेला. डाव्या मोज्याचं तोंड सैल पडलेलं, आत काहीतरी जाड बांधून वर ओढल्यासारखं. मोज्याला मलमाचा वास. मी दर आठवड्याला बघत राहिले. घसरून पडायचं टाळतोस, उभ्या उभ्या चेंडू काढतोस, आणि लोक टाळ्या वाजवतात की काय शांतपणे खेळतो हा. शांतपणे कसला. तू भीत होतास.

मी मोजले म्हणून सांगते, सतरा आठवडे.

तुला का विचारलं नाही? विचारलं होतं. जेवताना विचारलं, पाय कसा आहे. तू म्हणालास, कुठला पाय? दोन आहेत मला. आणि हसलास. तुझी आईही हसली. मग पुढे विचारायची सोय राहिली नाही.

म्हणून मी मास्तरांकडे गेले. त्यांच्या खोलीत, धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन, म्हणजे कुणाला संशय नको. चड्डी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "हे बघा." त्यांना कळेना. "स्वच्छ आहे की," म्हणाले. मी म्हटलं, "तेच सांगतेय. चार महिने स्वच्छ आहे." मग त्यांनी चड्डी उचलून तिची डावी बाजू उजेडात धरली. म्हणाले, "मी रोज बघतो त्याला आणि मला दिसलं नाही." मी म्हटलं, "तुम्ही चेंडू बघता."

मी त्यांना सांगितलं, दोन सामने त्याला बसवा. काहीही कारण काढा. एवढंच सांगितलं, शप्पथ नको घ्यायला लावूस. मला वाटलं पंधरा दिवसांची विश्रांती मिळेल, सूज उतरेल, परत उभा राहील. माझं डोकं साबण आणि पाण्यापुरतं. मळलं की भिजवायचं, थोडा वेळ ठेवायचं, धुवायचं, निघतं. पण क्लबचा नियम होता, बसवायचं तर डॉक्टरचा कागद लागतो. डॉक्टरने फोटो काढला आणि गुडघ्यात उरलं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं. मग क्लबने करार संपवला. तो मास्तरांनी संपवला नाही, वरच्या लोकांनी संपवला. पण तुला समोर मास्तर दिसले.

त्या दिवशी तू त्यांना हेर म्हणालास तेव्हा मी दोरीवर कपडे घालत होते, पंचवीस पावलांवर. सगळं ऐकलं. हातातला चिमटा लावला आणि दुसरा उचलला.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, मी सांगते त्याला. ते म्हणाले, "काही सांगू नका. माझ्यावर रागावला तर दुसरा कोच शोधेल. तुमच्यावर रागावला तर जेवायला कुठे जाईल?"

मी हो म्हटलं.

हेच लिहायला मला तीन पत्रं लागली. त्यांनी सुचवलं आणि मी हो म्हटलं, पटकन, दोनदा विचारावं लागलं नाही. पहिल्या वर्षी वाटायचं, याचा राग शांत झाला की सांगू. तुझा राग शांत झाला तेव्हा वाटलं, आता कशाला उकरायचं. मग तू लग्न केलंस, मग शिकायला गेलास. सांगायचं नसेल तर प्रत्येक वर्ष सोयीचंच असतं. तू घरी आलास की माझ्या हातचं जेवायचास आणि मास्तरांना शिव्या द्यायचास, आणि मी तुला आणखी वाढायचे.

अजून एक आहे, तेही लिहून टाकते, नाहीतर पुन्हा कुठेतरी निसटेल आणि तू पुन्हा पकडशील. निवड करणारे कधी येणार हे मला माहीत होतं. तूच घरी सांगितलं होतंस, दहा वेळा तरी. मी दोन सामने म्हटलं, ते कुठले दोन हे मला ठाऊक होतं. देशाच्या संघासाठी तू अजून जोरात खेळला असतास आणि पाय तिथेच राहिला असता, म्हणून म्हटलं. मला वाटलं बोलावणं काय, यंदा नाही तर पुढच्या वर्षी येईल. ते तसं नसतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. तो अंगरखा तुझ्या अंगावर चढला नाही, तो माझ्यामुळे.

तू तीन वर्षं खेळला असतास म्हणतोस. खेळला असशीलही. मी डॉक्टर नाही. कदाचित एकाच सामन्यात पाय गेला असता, कदाचित काहीच झालं नसतं. हे मी अकरा वर्षं दोन्ही बाजूंनी धुऊन बघितलं, निघत नाही. माफी मागत नाही, कारण तू मैदानाच्या कडेने दोन पायांवर धावत पंचाच्या अंगावर ओरडत जातोस ते टीव्हीवर बघायला मला आवडतं. उद्या तोच प्रसंग आला तर मी पुन्हा बोलेन. फक्त तेव्हा तुझ्या तोंडावर बोलेन आणि दुसऱ्याच्या पाठीमागे लपणार नाही.

रागवायचं असेल तर आता पत्ता बरोबर आहे. सणकून रागाव. येऊ नकोस, फोन करू नकोस, तुझ्या आईला मात्र करत जा. पण त्या माणसाने तुझ्याकडून जे घेतलंच नाही ते त्याच्याकडून वसूल करू नकोस. तुला बचाव शिकवला त्यांनी, आणि स्वतःचा एकदाही केला नाही. आणि मी घरात बसून पाहत होते.

३० तारखेला सोमवार आहे. तोवर तुझा कागद फिरला नाही तर किल्ल्या द्यायला त्यांच्याबरोबर मी जाणार. ऑफिसात जो कोणी असेल त्याला हे सगळं सांगणार, चड्डीसकट. लोक हसतील. हसू देत, एक्क्याऐंशीव्या वर्षी माझं काय जाणार? तुझं जाईल थोडं. ते तू ठरव.

मास्तरांना न विचारता लिहिते आहे. कळलं तर मला बोलतील, आणि मी ऐकून घेईन. तेवढं त्यांचं देणं लागते.

या पत्राचं उत्तर मला पाठवू नकोस. त्यांना दे, आणि टाइप करून देऊ नकोस, स्वतः ये. मैदानामागच्या गल्लीत सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या वरच्या खोलीत राहतात. जिना लोखंडी आहे आणि उभा आहे. बाहेरून हाक मारलीस तर ते खाली उतरतील, त्यांना उतरवू नकोस. तूच चढ. सावकाश चढ, कठडा धरून, उजवा पाय आधी टाकून.

कपडे धुणारी,
तुझी आजी